खिळ्यावरची माळ

निजामाच्या अमदानीत कळमनुरीत मी मास्तर होतो, त्या शाळेला लागूनच गोविंदराव डॉक्टरांचा दवाखाना होता. इतर डॉक्टर जिथं सनद लावतात, तिथं यांनी खिळ्याला काविळीची माळ टांगलेली. वैदू झाडपाल्याच्या काड्या दोऱ्यात गाठवून ही माळ रोग्याच्या गळ्यात घालतात. ती जसजशी लांबेल तसतशी कावीळ उतरते, अशी सगळ्या मुलखाची खात्री. डॉक्टर येईल त्याला ती दाखवत.

"बघा मास्तर, खिळ्याला घातली तरी लांबली! काड्या वाळल्या की गाठी ढिल्या होतात. खिळ्याला काय कावीळ झाली व्हती?"

तरीही हैदराबादेत डॉक्टरी शिकलेला हा माणूस वैदूंचं सगळं ऐकून घ्यायचा. कुणी पाला सांगितला की "बराबर असंल, बघू" म्हणत आधी स्वतः चावणार. एकदा पुसेगावच्या वैदूचं चूर्ण खाल्लं आणि दिवसभर हातातलं टमरेल खाली ठेवलं नाही. संध्याकाळी घाम पुसत म्हणाले, "गुण हाय त्याच्यात." मी हसून बेजार झालो.

एके दिवशी एक म्हातारी आपल्या पिवळ्याधमक सुनेला घेऊन आली. पोरीच्या गळ्यात माळ. डॉक्टर जवळ येताच तिनं ती मुठीत घट्ट धरली.

"डागदरसाब, तुमची दवा पाजते, पर माळ तोडू नका," म्हातारी रडकुंडीला येऊन म्हणाली.

"काहून तोडू? राहू द्या."

त्यांनी औषध दिलं, पथ्य सांगितलं आणि माळ निरखून म्हणाले, "लांबून राहिली की, पोरी!" पोरगी पहिल्यांदाच हसली.

त्या गेल्यावर मी चिडलो. "हे थोतांड आहे, हे तुम्हीच दाखवता. मग तिला कशाला फसवता?"

डॉक्टर नेहमीसारखे हसले नाहीत. चष्मा काढून पुसू लागले.

"आमच्या कुटुंबाला कावीळ झाली व्हती. मी नवा नवा शिकून आलेलो. तिच्या मायनं माळ घातली, ती मी तोडली. माझ्या औषधानं तर काहीच उतार नव्हता. 'राहू द्या ना, तेवढीच बघत पडंन,' म्हणली. मी न्हाई ऐकलं."

मी खिळ्याकडं पाहिलं. माळेच्या दोऱ्याला एका जागी जोड दिलेला होता.  

"माळेनं ती वाचली नसती, हे बराबर ठाऊक हाय मला," डॉक्टर म्हणाले. "पण ती गेल्यावर जोडून तिथं टांगली, तं रोज लांबत गेली, मास्तर. तिला दिसली असती."