भांग असला की नेतो

आमच्या धक्क्यावर बोटीत चढायचं असेल तर आधी पाय उचलून चपलेचा तळ दाखवावा लागतो. मग तो साहेब असो की कॉलेजचं पोर. काशीनाथभाऊजी वाकून तळावर अंगठा फिरवतात. गुळगुळीत लागला तर म्हणतात, "ही चप्पल लग्नाला घाला. शेवाळावर न्हाय चालायची." मग पेटीतले जुने रबरी बूट काढून देतात. एका बाईंना दोन्ही डाव्या पायाचे मिळाले. तशाच गेल्या बिचाऱ्या.

भाऊजी आमचे शेजारी. रेवदंड्याच्या पुढे समुद्रात पाखरांसाठी राखलेलं बेट आहे, तिथे ते माणसं नेतात. मी धक्क्यावर चहा करते, म्हणून सगळं कानावर पडतं. जाकिटाची गाठ ते स्वतः ओढून बघतात. निघताना माणसं मोजतात, बेटावर मोजतात, परतताना मोजतात. मध्ये कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. "तिथं दुकान न्हाय, डागदर न्हाय, फोन लागत न्हाय. घर पाखरांचं हाय. आपन पावने."

त्यांचा सगळा कारभार उधाण आणि भांगावर. अमावास्या-पुनवेला उधाण येतं, तेव्हा उतरायचा खडकच पाण्याखाली जातो. अष्टमीच्या आसपास समुद्र नरम असतो, त्याला आम्ही भांग म्हणतो. एकदा पुण्याच्या मंडळींना धीर द्यायला भाऊजी म्हणाले, "घाबरू नका, आज भांग हाय." दोघं आजोबा तडक उतरून रिक्षात जाऊन बसले. बोटवाला भांग घेतो म्हणे! "मी चा पन बिनसाखरेचा पितो, वैनी," म्हणत भाऊजी दोन दिवस फुगून होते.

गेल्या दिवाळीत त्यांचा मुलगा सुनील आला. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. बाप-लेकाचं पटत नाही. आई वारल्यापासून दोन वर्षं तो इकडे फिरकला नव्हता. सोबत सात वर्षांची स्वरा, भाऊजींची एकुलती नात. पाडव्याला सकाळी तिघं धक्क्यावर आली. पोरीला बेट बघायचं होतं.

भाऊजींनी पाण्याकडे बघितलं. "आज न्हाय. उधान हाय."

"बाबा, संध्याकाळी निघायचंय आम्हाला."

"दर्या तुझी ड्युटी बघत न्हाय."

"परक्यांना नेता आणि नातीला न्हाय? मग आम्ही यायचं कशाला?"

भाऊजी हातातली दोरी उगाच सोडत होते, बांधत होते. मला वाटलं, आता हा गेला की पुन्हा येत नाही. त्यांनाही तेच वाटलं असणार. पण बोटीकडे काही ते वळले नाहीत. नातीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "भांग असला की नेतो. देवाशपथ."

पोरगी धावत घरी गेली, कंगवा घेऊन आली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.

"आजोबा, भांग पाडा. मग जाऊ."

सुनीलने तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. भाऊजींनी कंगवा घेतला. जन्मात त्यांनी कोणाचे केस विंचरले नसतील. जीभ दातांत धरून, श्वास रोखून त्यांनी भांग पाडला. तो खाडीसारखा वळत कानापर्यंत गेला.

"वाकडा झाला, वैनी."

मी सहसा कोणाच्या मध्ये बोलत नाही. त्या दिवशी कसं कोण जाणे, तोंडातून गेलं, "रोज पाडा. अष्टमीपर्यंत सरळ येईल."

सुनीलने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. पोरीला म्हणाला, "सुट्टी हाय तुला. ऱ्हाशील का गं आजोबांजवळ?"

अष्टमीला समुद्र ताटात ओतल्यासारखा शांत होता. सकाळीच चार पाहुणे आले आणि चपला दाखवायला पाय उचलून उभे राहिले. भाऊजींनी तळाकडे बघितलंसुद्धा नाही.

"आज जागा न्हाय," म्हणाले.

आठ माणसांच्या बोटीत आजोबा आणि नात, दोघंच बसली होती.