आलेल्याने आवाज द्यावा

वसईजवळ पापडीला इनास अंकलच्या घरात शिरायचं तर उंबऱ्यावर उभं राहून मोठ्याने सांगावं लागायचं, की आपण कोण आणि आपल्याला काय येतं. नुसतं "आहे का कोणी घरात?" चालायचं नाही. आतून आवाज यायचा, "मी असतोच. तुम्ही कोण ते बोला!"

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली मंगलामावशी मासळीची टोपली घेऊन यायची ती फाटकातूनच ओरडत, "मी मंगला! बोंबील हायेत, ताजे हायेत, पानी मारलेले नाय!" घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरांनाही सूट नव्हती. बिचारे झगा सावरत म्हणाले, "मी फादर. प्रार्थना येते."

"सापडलात! या, या."

हे खूळ अंकलच्या डोक्यात शिरलं ते घरातल्या कॉम्प्युटरांमुळे. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेला माणूस. वायर दिसली की हात शिवशिवायचे. आंटी वारल्या, एकुलता एक मेल्विन कॅनडाला गेला, आणि अंकलनी घरभर वायरींचं जाळं विणलं. पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, स्वयंपाकघरात दुसरा, एक प्रिंटर, आणि फाटकावर कॅमेरा. त्यात माणसं कमी आणि केळीची पानंच जास्त दिसत.

तेव्हा एका यंत्राची दुसऱ्याशी ओळख हाताने करून द्यावी लागे. हा नंबर टाका, तो नंबर टाका. अंकलना ते बघवेना. "पाहुणा दारात आल्यावर रेशनकार्ड मागतो का आपण?" मग कुठून कुठून वाचून त्यांनी अशी सोय लावली, की वायर जोडली रे जोडली की यंत्राने स्वतःच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं: मी प्रिंटर, मला छापता येतं. बाकीच्यांनी ऐकून ठेवायचं. स्क्रीनवर त्याचं चित्र उमटलं की अंकल टाळी वाजवायचे, "सापडला!" जे यंत्रांना जमतं ते माणसांना जमायला काय झालं, हा पुढचा मुद्दा.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचो. जालन्याकडचा, सातवीत शाळा सुटलेली. वसई पूर्वेला एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचो. त्याआधी त्या गाळ्यातच झोपायचो, आणि आपण आहोत हे कोणाच्या लक्षात न आलेलं बरं, अशी सवयच लागून गेली होती. खोली विचारायला गेलो तेव्हा उंबऱ्यावर कसंबसं म्हणालो, "मी दत्ता."

"काय येतं?"

"काही नाही येत, अंकल."

ते उठून बाहेर आले. "माझ्या घरातला प्रिंटरसुद्धा असं म्हणत नाही! अरे, डबा तो! जा, फाटकापर्यंत जा आणि परत ये."

मी गेलो. परत आलो. म्हणालो, "मी दत्ता. पॉलिश येतं."

"सापडलास!"

ओळखीचा माणूस आण, असं काही ते म्हणाले नाहीत. माझी ओळख सांगणारं वसईत होतं तरी कोण? त्या माणसाचे उपकार मी आजही विसरलेलो नाही.

नाताळला मेल्विन यायचा होता. त्याची खोली झाडून झाली, आणि तिथे वायर न्यायचं काम निघालं. शिडीवर मी, खाली अंकल. "तो लॅपटॉप उघडेल, वायर लावेल, बस! कोणी काही विचारायचं नाही. घर त्याला आपोआप ओळखेल. स्क्रीनवर नाव येईल, मेल्विन." हे ते दिवसातून चारदा सांगायचे, आणि दर वेळी मी वायर पुन्हा एकदा ओढून बघायचो, कारण खिळे मीच ठोकत होतो.

मेल्विन आला. अंकलनी त्याला धड पाणीही पिऊ दिलं नाही, वायर हातात दिली आणि स्वतः पुढच्या खोलीत स्क्रीनसमोर जाऊन बसले. प्रिंटर होता. कॅमेरा होता. मेल्विन नव्हता. वायर काढली, लावली. सगळं बंद करून चालू केलं. मेल्विन आतून ओरडला, "इंटरनेट चालतंय, पप्पा!" म्हणजे वायर ठीक होती. माझा जीव भांड्यात पडला. अंकलचा पडला नाही.

शेवटी मेल्विनच बाहेर आला. "पप्पा, ऑफिसचा लॅपटॉप आहे हा. बाहेरच्या नेटवर्कवर स्वतःला दाखवायचं नाही, असं ऑफिसवाल्यांनीच करून ठेवलंय. मला बदलता येत नाही."

"बाहेरच्या," अंकल म्हणाले.

"पप्पा, मी समोर उभा आहे ना!"

"हो, ते आहेच," असं म्हणून अंकल नाताळचे मैद्याचे फुगे तळायला गेले.

पोरगा चांगला होता. त्याने गळका नळ बदलला, बापाला घेऊन चर्चमध्ये मिस्साला गेला, निघताना रडला. पण तो गेल्यावर अंकलनी उंबऱ्यावर कोणाला काही विचारणंच सोडलं. मंगलामावशी नेहमीसारखी ओरडली, तर अंकलनी बोंबील न बघताच पैसे काढून दिले. मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्हातारा बरा हाय ना रं?"

त्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा पुढचं दार सताड उघडं होतं. अंकल पाठमोरे, स्क्रीनसमोर. प्रिंटर होता, कॅमेरा होता. मी बाजूने गुपचूप माझ्या खोलीत जाऊ शकलो असतो. तशीच सवय होती. पण पाय उंबऱ्याशी थांबले, आणि मी छाती फुगवून ओरडलो, "मी दत्ता! मागच्या खोलीतला! पॉलिश येतं, खिळे ठोकता येतात, चहा येतो!"

शेजारच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागला. आत खुर्ची करकरली.

"चहा कधीपासून येतो?"

"पहिल्यापासून, अंकल."

"मग कधी बोलला नाहीस ते?"

मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला.

"साखर कमी टाक," अंकल म्हणाले. मग कप हातात घेऊन, स्क्रीनकडेच बघत, हळूच म्हणाले, "सापडलास."