सुभेदारांच्या डोळ्यातली काच

आमच्या शेजारचे सुभेदार रोज सकाळी अंगणात आरसा टांगतात आणि स्वतःच्याच डोळ्यात बोट घालतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातली दुधाची पिशवीच पडली.

"आवं भाऊजी, डोळा फोडताय का काय!"

"लेन्स हाय वहिनी. दुहेरी नंबरची. लांबचं दिसतंय, जवळचंबी दिसतंय. रिपोर्ट ओके!"

रिपोर्ट ओके हे त्यांचं पालुपद. भाजी करपली तरी रिपोर्ट ओके. पण पासष्टी उलटल्यावर डोळ्यात काचा? चाळिशी लागली की माणूस चष्मा घेतो, नाकावर ओढतो, गप पेपर वाचतो. ह्यांचं सगळंच जगावेगळं! साताऱ्याच्या डॉक्टरकडे खेटे घातले. सुरुवातीला सपाट रस्त्यावरही पायरी असल्यासारखा पाय उचलून चालायचे, तरी हट्ट सोडला नाही. लेन्सला पाणी चालत नाही म्हणून तिच्या औषधाची बाटली खिशात घेऊन मयतीलासुद्धा जायचे. म्हातारा नटायला लागला, असं अख्खं रहिमतपूर म्हणायचं. माझंही तेच मत. घरात बायको, शांताअक्का, सगळं विसरत चाललेली. तिचं न्हाणं-जेवण हेच बघतात, आणि ह्यांना मिरवायचं सुचतंय!

मग कोरेगावला लग्न होतं. अक्षतांची एक मूठ थेट सुभेदारांच्या तोंडावर आली आणि एका डोळ्यातली लेन्स उडाली.

"थम! कुनी हलायचं न्हाई!" सुभेदार गरजले.

निम्मा मांडव फौजेतला. सगळे जागच्या जागी ताठ! नवरदेव रजेवर आलेला जवान, तो हार धरून सावधान. नवरी मान पुढं करून ताटकळली. भटजींचा हात वरच राहिला. मी आ वासून बघतेय.

तांदळाच्या सड्यात ती काच कसली सापडतेय? "आता तरी चष्मा लावा की!" मी वैतागले. त्यांनी नाइलाजानं दुसरी लेन्स डबीत ठेवली आणि खिशातला जुना चष्मा चढवला.

शेजारी बसलेली अक्का किंचाळलीच. "ह्यो कोन बाप्या माज्याजवळ बसलाय? आमच्या मालकांना बोलवा! लांब हो मुडद्या!"

तिनं त्यांच्या हातावर फाडकन चापट मारली.

सुभेदारांनी खसकन चष्मा काढला. "शांता, मीच हाय गं."

तिनं त्यांचं तोंड निरखलं. "कुठं गेला हुता वो? मी लय भ्याले." आणि त्यांच्या शर्टाची गुंडी लावायला लागली.

"चष्म्यातल्या मानसाला ती वळखत न्हाई, वहिनी," ते हळूच म्हणाले. "आन् नुसत्या डोळ्यानं मला तिच्या गोळीवरचं नाव वाचता येत न्हाई. फाटकाभाईर गेली तर दिसत न्हाई. काय करू मी?"

तेवढ्यात कुणीतरी हाक दिली, "चला, पानं वाढा, पंगत बसू द्या!"

मी पैठणीचा पदर खोचला, तिथंच गुडघ्यांवर बसले आणि तांदूळ चिवडायला लागले.

"थांबू दे ती पंगत!" मी ओरडले.