सखारामपंतांची शिक्षा

विश्वनाथ आसूदकर सरकारी कारखान्याच्या स्टोअरमधून दमून क्वार्टरवर परतला, तेव्हा त्याचे वडील, आबा, पत्र हातात घेऊन दारातच उभे होते. पुण्याचे रवींद्र आसूदकर गेली सहा वर्षं आसूदकरांचा कुलवृत्तांत सिद्ध करत होते. आबांच्या भोपाळच्या शाखेचा मूळ घराण्याशी धागा जुळत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. पुरावा आला नाही, तर ही शाखा पुस्तकाच्या शेवटी, 'संबंध न लागलेली घराणी' या परिशिष्टात जाणार होती.

"परिशिष्टात," आबा म्हणाले. "ऐंशी वर्षं आसूदकर म्हणून काढली, आणि आता परिशिष्टात मरू?"

विश्वनाथला खरं तर जेवून आडवं व्हायचं होतं. पण आबा रडवेले झाले की त्याला नाही म्हणता येत नसे. हा त्याचा जुनाच रोग होता.

आबांचे आजोबा सखाराम बल्लाळ उज्जैनला राहत, एवढंच घरात ठाऊक होतं. पुण्याच्या वंशावळीतही एक सखाराम बल्लाळ होता, 'देशांतरी गेला' असा शेरा मारून सोडून दिलेला. तो हाच, असं सांगणारा कागद हवा होता. उज्जैन तेव्हा ज्या संस्थानात होतं तिथल्या १८८१ सालच्या खानेसुमारीची, म्हणजे जनगणनेची, बाडं भोपाळच्याच एका दप्तरखान्यात पडून आहेत, अशी बातमी कुणीतरी आणली.

मग विश्वनाथच्या अर्ध्या अर्ध्या रजा सुरू झाल्या. जनगणना तर मागच्याच साली झाली, नाव राहिलं असेल तर आता दहा वर्षांनी या, असं दप्तरखान्यातल्या बाबूने पहिल्या खेपेला सांगितलं. दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर होते, तिसऱ्या खेपेला कपाटाची किल्ली साहेबांबरोबर दौऱ्यावर होती. सहाव्या खेपेला बाबूलाच त्याची दया आली, आणि मूळ मराठी नोंदीची हिंदीत टाइप केलेली नक्कल त्याने विश्वनाथच्या हातात ठेवली.

आबांनी ती मोठ्याने वाचली. नाम सखाराम बल्लाळ आसूदकर. आयु इकतीस. निवास सरकारी, भोजन सरकारी. काम सड़क. शिक्षा सात वर्ष.

"सात वर्षं शिकला माणूस, त्या काळात," आबा म्हणाले. "रस्त्याच्या खात्यात नोकरी, राहायला सरकारी क्वार्टर. सरकारी क्वार्टरात राहून तू काही नवीन करत नाहीस, विश्वनाथ."

विश्वनाथच्या बायकोने, शारदाने, शिरा केला आणि शेजारी वाटला. त्यामुळे बातमी टाउनशिपच्या मराठी मंडळापर्यंत पोचली, आणि मंडळाने रविवारी आबांचं भाषण ठेवलं. भाषणाच्या सुरुवातीला सखारामपंत ओव्हरसियर होते. आभारप्रदर्शनापर्यंत ते एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले. मॅट्रिकला पहिल्या येणाऱ्या मुलाला त्यांच्या नावाने पारितोषिक द्यायचंही तिथल्या तिथे ठरलं.

नक्कल पुण्याला गेली आणि आठव्या दिवशी रवींद्ररावांचं उत्तर आलं. नाव आणि बापाचं नाव जुळतं, तेव्हा शाखा मूळ वंशावळीत घेतो, असं लिहून त्यांनी अभिनंदन केलं होतं. खाली एक शंका होती. बाड मराठी आहे, तर मूळ शब्द कोणता, तेवढं पाहून कळवावं. 'कारण आमच्याकडे शिक्षण घेतात आणि शिक्षा भोगतात.'

विश्वनाथने ती ओळ पुन्हा वाचली. तीन पिढ्या माळव्यात हिंदी बोलत काढलेल्या घरात 'शिक्षा' हा शब्द एकालाही खटकला नव्हता.

सातव्या खेपेला त्याने मूळ बाडच मागितलं. अक्षर स्वच्छ बाळबोध होतं. पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'तुरुंग'. खाली नोंद होती: 'सखाराम बल्लाळ आसूदकर म्हणविणारा. काम, रस्त्याची खडी फोडणे. शिक्षा सात वर्षे. गुन्हा तोतयेगिरी, खोटे कूळ सांगून इनाम जमीन लाटू पाहिली.'

शेवटचा रकाना कागदावर मावला नाही म्हणून गाळला, असं बाबूने प्रामाणिकपणे सांगितलं. मग त्याने पानावर बोट ठेवलं.

"और ये 'म्हणविणारा' हमें फालतू लगा, तो छोड़ दिया."

म्हणजे आसूदकर असल्याचा एकुलता एक पुरावा, आसूदकर नसल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या माणसाचा होता. मूळ शब्द 'शिक्षण' आहे, एवढं पुण्याला कळवलं की मिटलं, असं विश्वनाथला बसमध्ये दोनदा वाटलं. पण खोटं बोलायचं तर ते पुढे सांभाळावं लागतं, आणि त्याच्यात आता तेवढं त्राण उरलं नव्हतं. त्याने आबांना सगळं सांगून टाकलं.

आबा भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

"म्हणजे तो आसूदकर नव्हता," आबा म्हणाले.

"नव्हता."

"आणि सुटून आल्यावर? तेव्हाही हेच आडनाव लावलं?"

"लावलं. म्हणून तर आपण लावतो."

आबा उठून बसले.

"मग लिही त्या रवींद्रला. या आडनावासाठी आमच्या माणसानं सात वर्षं खडी फोडली. तुमच्यातल्या कुणी काय केलं त्याच्यासाठी? जन्माला आलात, एवढंच."

विश्वनाथने ते जसंच्या तसं लिहिलं. सही करताना तो आडनावापर्यंत आला. मग त्याने ते नेहमीपेक्षा जरा मोठ्या अक्षरात लिहिलं.