दोन साहेब, एक स्थळ

माणसाला दोन साहेब असले की त्याला एकही साहेब नसतो, हा शोध मी लावला. अंधेरीच्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत एवढे हुशार इंजिनिअर भरलेत, पण हे सुचलं फक्त मला!

झालं असं, की नवं शतक लागल्या लागल्या आमचे सर्वांत मोठे साहेब परदेशातून एक तक्ता घेऊन आले. त्याचं नाव मॅट्रिक्स. उभ्या रेघा म्हणजे खाती, आडव्या रेघा म्हणजे प्रोजेक्ट, आणि रेघा एकमेकींना छेदतात त्या चौकटीत आम्ही पामर! थोडक्यात, प्रत्येकाला एक उभा साहेब आणि एक आडवा. माझे उभे साहेब हर्षवर्धन. पगारवाढ, रजा, शिस्त त्यांच्या हातात. आडवे साहेब बॅप्टिस्ट. रोजचं काम ते देणार. उभे बसायचे चौथ्या मजल्यावर, आडवे दुसऱ्यावर. वरच्या एकाच खुर्चीवर दोघांचा डोळा, त्यामुळे दोघांतून विस्तव जात नव्हता.

मग काय, माझी चैनच! उभ्यांना सांगायचं, "आडव्यांनी बोलावलंय." आडव्यांना सांगायचं, "उभ्यांचं अर्जंट आहे." आणि आपण आईने दिलेला डबा घेऊन राजोडीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीत!

अशातच वसईजवळच्या होळी गावच्या शांतारामकाकांच्या मुलीचं स्थळ आलं. उन्नती. वसईच्या एका पतपेढीत नोकरीला. बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी पुढे करत तिने विचारलं, "तुम्ही नक्की करता काय?" मी हातवारे करून सगळं मॅट्रिक्स समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग काम कोण करतं?"

मी तिथेच खलास! लग्न करीन तर हिच्याशीच, असं परत येताना आईला सांगूनही टाकलं.

पण आमच्याकडे मुलगी द्यायची म्हणजे चौकशी आलीच. शेजाऱ्याकडे, वाण्याकडे, आणि शेवटी मुलाच्या साहेबाकडे. शांतारामकाकांची केळीची वाडी. माणूस मोजकं बोलणारा. एका गुरुवारी ते सुकेळीचे, म्हणजे वाडीतल्या सुकवलेल्या केळ्यांचे, पुडे घेऊन, न कळवता थेट कंपनीत धडकले! मी अर्थातच राजोडीला. संध्याकाळी तुळिंजच्या आमच्या फ्लॅटवर पोचलो, तर कोचावर काका, आणि समोर आई डोळ्यांना पदर लावून!

"ये. कुठून आलास?" काकांनी विचारलं.

"ऑफिसातून! दमलो बुवा!"

"बुटांत वाळू आहे तुझ्या."

"बांधकाम चाललंय ना ऑफिसचं, काका!"

"असेल. मी चौथ्या मजल्यावरच्या साहेबांना भेटलो. ते म्हणाले, नाव आमच्याकडे आहे, पण मुलगा दुसऱ्या मजल्यावर. दुसऱ्यावर गेलो. ते म्हणाले, छे हो, तो तर चौथ्यावरच असतो. दुपारभर मी त्या लिफ्टमधून वर-खाली, वर-खाली! सुकेळी दोघांनी घेतली, मुलगा एकानेही घेतला नाही!"

"जितू, खरं सांग," आईने हुंदका दिला, "तुला काढून टाकलंय का रे? मग रोज माझा डबा जातो कुठे?"

"अगं, नोकरी आहे! उलट डबल आहे!"

काका उठले. "एका तरी साहेबाने माझ्यासमोर म्हणावं, की हा आमचा माणूस. रविवारपर्यंत थांबतो. नाहीतर रेल्वेतलं एक स्थळ आलंय. त्याला एकच साहेब आहे."

दुसऱ्या दिवशी उभ्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "सांगायला हरकत नाही, पण आधी बॅप्टिस्टला विचार. उद्या तुझं लग्न फिसकटलं तर माझ्या खात्यावर नको." आडव्यांनी हेच हर्षवर्धनच्या नावाने ऐकवलं. शेवटी मी दोघांच्याही कानात हळूच सांगितलं, की दुसरे साहेब येणार आहेत. झालं! दोघेही तयार! दुसऱ्याला एकट्याला मान मिळू द्यायचा नाही, हीच आमच्या कंपनीची खरी रचना. बाकी तो तक्ता भिंतीवर लावायला.

रविवारी होळी गावात, काकांच्या ओटीवर दोन साहेब दोन खुर्च्यांत बसले.

"मुलगा कसा आहे?" काकांनी विचारलं.

"माझा सर्वांत चांगला माणूस!" उभे म्हणाले.

"तुमचा? माझा!" आडवे म्हणाले.

आईचा चेहरा फुलला. माझी छाती फुगली. तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण नाही!

"गेला महिनाभर हा तुमच्याकडे अडकलाय, म्हणून माझं काम बोंबललंय!" आडवे खेकसले.

"माझ्याकडे? तुम्ही अडकवलाय! मी महिनाभर त्याचं तोंड बघितलं नाही!"

दोघांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. मॅट्रिक्स आल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"गुरुवारी कुठे होतास?" काकांचा आवाज.

मी बुटांकडे पाहिलं. "राजोडीला."

आईने कपाळावर हात मारला. काका उठलेच. "रेल्वेवाल्यांना फोन करतो."

"थांबा बाबा!" दारातून उन्नती पुढे आली. "एवढ्या मोठ्या कंपनीला गुंडाळलं, म्हणजे डोकं आहे. विचारल्यावर शेवटी खरं बोलला. नोकरीही खरीच आहे. फक्त देखरेख कमी पडते." आणि माझ्या आईकडे वळून म्हणाली, "काकू, आपण दोघी मिळून बघू की!"

"बघू की, बाई!" आईने पदर खोचला.

लग्न झालं. कंपनीनेही धडा घेतला. दोन साहेबांत ताळमेळ नाही म्हणून त्यांच्यावर तिसरा नेमला, तिरपा साहेब! आता मला सांगायला तीन नावं आहेत. ऑफिसात माझं अगदी झकास चाललंय.

घरी मात्र जरा घोटाळा आहे. मागच्या रविवारी आईला सांगितलं, उन्नतीने बाजारात पाठवलंय. उन्नतीला सांगितलं, आईचं काम आहे. आणि शीळ घालत राजोडीला निघालो. बाहेरच्या खोलीत पोचलो, तर दोघी एकाच परातीत वाल सोलत बसलेल्या!

"बस," दोघी एकदम म्हणाल्या.

तेव्हापासून रविवारचे वाल मीच सोलतो.