चहासकट कराटे

समजा, तुमच्या हातात चहाचा भरलेला कप आहे आणि समोरून एक जण तुम्हाला मारायला धावत आला. काय कराल? कप फेकाल? पळाल? गायकवाड मास्तरांचं उत्तर ठरलेलं होतं. "आदी चा संपवायचा. तो थांबतो. न थांबून जातोय कुठं?"

मुंबईत म्हणे कराटेवाले विटा फोडायचे, कौलं फोडायचे. आमच्या भिसेगावात फुटायच्या त्या कपबश्या. कारण मास्तरांच्या कराट्यात चहा होता. म्हणजे कराटे झाल्यावर चहा, असं नाही. कराट्यातच चहा. ठोसा, लाथ, चहा.

मास्तर कर्जतला एका कचेरीत शिपाई. वय बेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नाही, घरात एकटेच. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली ओळीनं दहा कप. घरापुढं सारवलेलं अंगण आणि एक पेरूचं झाड. तिथं रोज सकाळी सहाला आम्ही दहा जण चड्डी-बनियनवर उभे राहायचो आणि मास्तर आत स्टोव्हला पंप मारत असायचे. आधी स्टोव्हचा आवाज, मग चहाचा वास, मग कराटे.

आता मी कोण, तेही सांगून टाकतो. मी विनायक. तेव्हा वय एकोणीस, वजन त्रेचाळीस, बारावीचे प्रयत्न दोन. अंगात कला एकच, नकला करायच्या. स्टेशनवरच्या अनाउन्समेंटची मी अशी हुबेहूब नक्कल करायचो, की एकदा एक म्हातारी माझ्यामुळं पूल चढून पलीकडच्या फलाटावर गेली होती. या धंद्यात एक अडचण असते. नकलेला सगळे हसतात, पण ज्याची नक्कल केली तो मागाहून गाठतो. म्हणून कराटे. निव्वळ स्वसंरक्षण.

मास्तर शिकवायचे त्याला ते 'फेरी' म्हणायचे. एकतीस हात, ओळीनं, एकही चुकवायचा नाही. सुरुवात ठीक होती. पाय फाकवून, गुडघे वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं. चार ठोसे. पाचवा हात आला की तर्जनी अलगद नाकाच्या दांडीला लावायची आणि वर सरकवायची.

"मास्तर, ह्यानं समोरच्याला काय होतं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"त्याला कशाला काय व्हायला पायजे? हाय ते त्यात. लाव नाकाला."

बाराव्या हाताला डावीकडं वळून पेरूच्या झाडाकडं हात झटकायचा आणि ओरडायचं, "हुश्श!" बाकीच्या कराट्यात म्हणे काहीतरी वाघासारखं ओरडतात. आमचं हुश्श. पहाटे दहा बाप्ये एका दमात "हुश्श!" करायचे, तेव्हा शेजारच्या जिजाबाईच्या कोंबड्या जागच्या जागी अंग चोरायच्या. "मास्तर," ती कुडावरून ओरडायची, "तुमच्या कराट्यापायी माजी तांबडी अंडं देत नाय रं!"

आणि शेवटचा, एकतिसावा हात. गुडघे तसेच वाकलेले, मांड्या पेटलेल्या. शेजारच्या पाटावरून कप उचलायचा. दोन घोट घ्यायचे. मान वर करून आभाळाकडं बघायचं. डाव्या मनगटानं तोंड पुसायचं. कप खाली. एक थेंब सांडला की फेरी पहिल्यापासून. मास्तर प्रत्येकाच्या बशीत वाकून बघायचे. "सांडलं? नाय ना? मंग जिकलास."

मी पहिले दोन महिने रोज हरलो. हातावर, मांडीवर, एकदा तर कानात चहा गेला. तो कसा गेला हे मला आजही सांगता येणार नाही. आई कपडे धुताना म्हणायची, "कराट्याला जातोस का हॉटेलात कामाला?"

कराटे मला आलंच नाही. माझ्या ठोशानं डास मेला असता, तेही तो म्हातारा असता तर. मग मी माझ्या पद्धतीनं शिकलो. ठोसा कसा मारायचा ते सोडून दिलं आणि मास्तर कसे मारतात ते उचललं. त्यांचा खांदा आधी हलतो. वळताना टाच किंचित घासते. घोट घेताना भुवया वर जातात. दोन महिन्यांत अख्खी फेरी मास्तरांसकट माझ्या अंगात बसली. ताकद सोडून सगळं आलं.

संध्याकाळी स्टेशनाबाहेर टांग्यांच्या अड्ड्यावर मी मास्तरांची फेरी करून दाखवायचो. पोरं लोळायची. एकदा मी एकतिसाव्या हातावर असताना पोरं एकाएकी गप्प झाली. मागं मास्तर उभे, हातात पिशवी, पिशवीत पालेभाजी. माझे घोट तसेच हवेत. आता बसते कानाखाली, म्हणून मी डोळे मिटले.

"मान आनखी वर," मास्तर म्हणाले. "आबाळ बघायचं हाय. पत्रा नाय." आणि गेले.

असं छान चाललं होतं. मग नेरळला दुसरा वर्ग निघाला. तिथले सर पांढरा गणवेश घालायचे, कमरेला रंगीत पट्टे द्यायचे आणि सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट. आमच्यातला बाळ्या एकदा बघून आला आणि बिघडला.

"मास्तर, नोकरीच्या अर्जाला सर्टिफिकेट लावलं तर वजन पडतं," तो म्हणाला. "आमी काय लिवायचं? हुश्श येतं म्हणून?"

दुसरा म्हणाला, "पट्टा मिळणार आसंल तर थांबतो. नायतर आमी सगळे नेरळला."

मास्तरांनी पाट उचलले. कप गोळा करून आत गेले. पण चार दिवसांनी रजा टाकून मुंबईला गेले, कुठल्याशा संघटनेच्या माणसाला भेटले आणि परीक्षक ठरवून आले. परीक्षक एका रविवारी येणार. दहाही जणांनी एकसारखी, नीट फेरी केली, तर आमच्या वर्गाला मान्यता आणि सगळ्यांना पिवळा पट्टा. नाहीतर वर्ग संपला. आता सगळा वर्ग त्या एका सकाळवर टांगलेला होता.

"आता नीट आयका," मास्तर म्हणाले. "त्या दिशी नाकाला हात नाय. हुश्श नाय. चा नाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा. आठ दिवस आम्ही कापलेली फेरी घोटली. अठ्ठावीस हात, एकदम सुटसुटीत. सगळ्यांना जमली, फक्त मास्तरांना जमेना. पाचव्याला त्यांचा हात निम्म्यापर्यंत वर जायचा. मग ते तसाच तो खाली आणून चड्डीला पुसायचे, जणू काही पुसायलाच काढला होता. बाराव्याला वळायचे, तोंड उघडायचं आणि आवाज न होता मिटायचं. मला हसू यायचं. संध्याकाळी तेही मी अड्ड्यावर करून दाखवलं.

रविवार आला. परीक्षक चांगले गाडीसारखे रुंद होते, कमरेला काळा पट्टा, गळ्यात टॉवेल. पेरूखाली खुर्ची टाकली. "चलो, शुरू," ते म्हणाले.

चार ठोसे दहांचे एकसाथ पडले. जिजाबाईसुद्धा कुडावर कौतुकानं बघत होती. पाचव्या हाताला नऊ जण पुढं गेले. आणि माझी तर्जनी नाकाच्या दांडीला लागून अलगद वर सरकली.

देवाशपथ, मी मुद्दाम केलं नाही. अंगात बसलेलं काढायचं कसं ते नकलाकाराला कुणी शिकवत नाही. मी घाबरलो, आणि घाबरलो की माझं अंग मला विचारत नाही. बाराव्याला नऊ जण गप्प आणि मी एकटा, "हुश्श!" तांबडी कोंबडी पळाली. परीक्षक खुर्चीतून पुढं झुकले. बाकीच्यांची फेरी संपली, ते सरळ उभे राहिले. मी अजून गुडघ्यांत वाकलेलाच. पाट नाही, कप नाही, आणि मी हवेतून कप उचलला. दोन घोट घेतले. आभाळाकडं बघितलं. तोंड पुसलं. कप जागच्या जागी ठेवला.

सांडला मात्र नाही.

"ये क्या है?" परीक्षक म्हणाले. "कराटे है के चाय की टपरी?" कुणीतरी फिस्स केलं. मास्तर परीक्षकांकडं नाही, माझ्याकडंच बघत होते. परीक्षक टॉवेल झटकून उठले. मान्यता नाही म्हणाले आणि पुढच्या गाडीनं गेले.

मग बाळ्यानं माझं बनियन धरलं. पहिल्यांदाच माझ्यावर खरोखर चाल करून आले, नऊ जण, नऊही माझ्याच वर्गातले, आणि मला एकतीसपैकी एकही हात आठवला नाही.

"सोडा त्याला," मास्तर म्हणाले. "जावा तुमी. नेरळचे सर चांगले हायेत. जावा रं."

पोरं गेली. मी उंबऱ्याजवळ उभा. माफी मागायची होती, पण माझ्याकडं हेडमास्तरांच्या आवाजातली माफी होती, तलाठ्याच्या आवाजातली होती, त्यातली कुठली काढावी कळेना.

"इनायका," मास्तर पायरीवर बसत म्हणाले, "तुला चष्मा हाय?"

"नाही."

"मला?"

"नाही मास्तर."

"मंग आपन नाकाला हात कशाला लावतो?"

माझं बोट आपोआप नाकाकडं गेलं.

"म्या माथेरानला व्हतो. हाटेलात, कपबशा धुवायला. तुज्यायेवडा. हंगामाला एक डाक्टर यायचा, दातांचा. चिनी. मुंबईतच ऱ्हायचा. काडीवानी, तुज्यासारखाच. रोज पाटं बागंत ही फेरी करायचा. अन् म्या ट्रेत चा घेऊन बाजूला उबा. फेरी झाल्याबिगर तो कपाला हात लावायचा नाय."

"मग नाक?"

"चष्मा घसरायचा त्याचा."

"आणि हुश्श?"

"माकडं रं! ट्रेवरची साखर न्यायची." मास्तरांना हसू आलं. "चार हंगाम बघून बघून उचलली. जशी दिसली तशी. त्यातलं कराटे कोन्तं अन् माकड कोन्तं, मला काय म्हायत?"

"पण ते कराटेच होतं ना मास्तर?"

"कुनाला ठावं. नाव इचारायचं ऱ्हायलं. मागनं शिनेमाच्या पोस्टरवर कराटे लिवलेलं बघितलं, म्हनलं ह्येच आसंल."

आम्ही दोन वर्षं काय शिकत होतो ते देव जाणे. मला हसायचं होतं. पण मास्तर पुढं बोलत होते.

"पयल्या दिशी फेरी झाली तर डाक्टरांनी ट्रेत बघितलं. म्हनले, कप एकच? म्हनलं, साहेब, दुसरा कुनाला? म्हनले, तुला. तवा आमच्या गावात आमचा कप निराळा असायचा, कानतुटका. भायेर वळचनीला. तू बघितला नसशील."

बघितला होता. आमच्याच मागच्या पडवीत, लहानपणी. तेव्हा मला वाटायचं, तो मांजराचा.

"दुसऱ्या दिसापास्नं दोन कप. एकासारका एक. चार हंगाम." मास्तरांनी आभाळाकडं बघितलं. "मंग चीनबरूबर लढाई झाली. हितल्या चिनी लोकांना सरकार धरून न्यायला लागलं. पुढच्या हंगामाला ते आलं नाय. त्याच्या पुढच्याबी नाय. कुठं नेलं, गेले, मुंबईत तरी हायेत का, कोन सांगनार? वीसबावीस वरसं झाली. तोंड पन आता नीट आटवत नाय मला. फेरी तेवडी आटवते. म्हनलं, पोरांना शिकवावं. कुनाच्या तरी अंगात डाक्टर दिसतील. पन पोरं मोडूनतोडून करायची. माजी मला दिसत नाय." ते थांबले. "आज दिसले. त्या जाड्याच्या म्होरं. चष्मा सारखा केला, माकड हाकललं, चा प्यायले."

मी वर्ग बुडवला होता आणि ते माझ्याकडं असे बघत होते जणू मी पहिला आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अंगणात मी एकटा. स्टोव्हचा आवाज आला, चहाचा वास आला. मास्तर बाहेर आले, पण रोजच्यासारखे समोर येऊन उभे राहिले नाहीत. हातात ट्रे होता, ट्रेत दोन कप. ते पेरूपाशी बाजूला जाऊन उभे राहिले.

"कर," म्हणाले. "सावकास कर. समदी."

मी केली. एकतीसही. ठोसे होते तसेच होते, डासाच्या लायकीचे. शेवटी ट्रेतला एक कप उचलला, दोन घोट घेतले, वर बघितलं, तोंड पुसलं आणि पायरीवर बसलो. मास्तर ट्रे घेऊन तसेच उभे. दुसरा कप ट्रेत तसाच. मी म्हटलं, आता घेतील. घेईनात. दुसऱ्याच्या भुवईची हालचाल उचलणारा मी, पण हे कळायला मला बराच वेळ लागला.

"बसा की मास्तर," मी म्हणालो. "तुमचा कप घ्या."

मग बसले. चहा केव्हाच गार झाला होता. आम्ही दोघांनी तो फुंकून फुंकून प्यायला.