सहा लिंबं आणि तांब्याचा जग

हिशेबींनी (कचेरीत सगळे त्यांना याच नावाने हाक मारत, आणि ते याला गौरव समजत) माळ्यावरचा काळाकुट्ट तांब्याचा हंडा भंगारवाल्याला विकला, तेव्हा आपण संसाराला हातभार लावतोय अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती. तांब्याला हल्ली सोन्याखालोखाल मान आहे, असं भंगारवाला म्हणाला होता. हंडा बायकोच्या आईचा होता आणि आई गेल्या वर्षीच गेली होती. हे हिशेबींना माहीत होतं, फक्त वजन करताना आठवलं नाही.

बायको रागावली नाही, रडली नाही. ती बोलायचीच थांबली. ताट वेळेवर वाढलेलं असे, शर्टाला इस्त्री असे, शब्द मात्र एक नसे. दिवसेंदिवस हिशेबींना घर खायला उठू लागलं. स्वतःच्या खोकल्याचीसुद्धा सोबत वाटू लागली. हंडा परत आणायला ते धावले, तर तो केव्हाच वितळला होता. कितीही वेळा वितळवा, तांबं तांबंच राहतं, असं भंगारवाल्याने त्यांचं सांत्वन केलं.

मग अकराव्या दिवशी त्यांनी तांब्याचा चकचकीत जग आणला. तांब्यातलं पाणी प्रकृतीला उत्तम, हे दुकानदाराने पंधरा मिनिटं पटवलं. नुसतं पाणी काय द्यायचं, म्हणून हिशेबींनी त्यात सहा लिंबं पिळली आणि सरबत करून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं (मुरलं की गुण वाढतो, हा शोध त्यांचा स्वतःचा).

बायको बहिणीकडून दमून आली. त्यांनी ग्लास पुढे केला. तिने तोंड जरा वाकडं केलं, पण सगळा प्यायली. हिशेबींचे डोळे भरून आले. त्यांनी आतून जग आणून तिच्यासमोर ठेवला. जग पाहताच ती पांढरीफटक पडली आणि बेसिनकडे धावली.

दवाखान्यात डॉक्टरांनी हिशेबींना फैलावर घेतलं. तांब्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, विषारी होतं, म्हणून तर पूर्वी आतून कल्हई लावत, एवढंही ठाऊक नाही?

सलाईन लावायच्या आधी नर्स फॉर्म घेऊन आली. तिने बायकोला विचारलं, "हे तुमचे कोण?"

हिशेबी श्वास रोखून उभे राहिले. अकरा दिवसांनी बायकोचे ओठ हलले.

"शेजारी राहतात."

नर्सने फॉर्म मागे घेतला. "मग तुमची सही नाही चालायची, काका. यांच्या घरचं कोणी असेल तर बोलावून घ्या."

"बरं," हिशेबी म्हणाले, आणि बायकोच्या घरचं कोणी दिसतंय का ते बघायला व्हरांड्यात गेले.